न बोलले जाणारे दुखणे

खोकताना, शिंकताना, घागर उचलताना लघवीचे थेंब गळणे हे बाळंतपणानंतर कित्येक स्त्रियांच्या वाट्याला येते. त्याची वाच्यता होत नाही. ‘वय झाले’ म्हणून घरचेही सोडून देतात, हे योग्य नव्हे. अनेकजणी पाणी पिणेच कमी करतात. त्याने लघवी दाट होऊन त्रास उलट वाढू शकतो. दोष बहुधा ओटीपोटाच्या तळाशी सैल पडलेल्या स्नायूंचा असतो. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली त्यांच्यासाठी व्यायाम मांडला. लघवी रोखताना आवळतात ते स्नायू दिवसातून तीनदा, दरवेळी आठ-दहा वेळा आवळून सोडावयाचे. गुण येण्यास तीनेक महिने लागतात; खर्च काहीच नाही. अनावर घाई लागून होणारी गळती निराळी. तिच्यावर लघवीच्या वेळा हळूहळू लांबविण्याचा सराव व औषधे आहेत. मागे मधुमेह वा जंतुसंसर्गही असू शकतो. म्हणून आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. सोबत नवऱ्याने जाण्यासही हरकत नाही.