लढाईत गेलेल्या सैनिकाचा माग : नाईक यशवंत घाडगे यांच्यावरून

खडोलीच्या कारखान्यांत कामाला आलेली रायगड, रत्नागिरी, साताऱ्याकडची घरं इथे आहेत. त्यांतलं कोणीतरी अधूनमधून विचारतं, “आमचे पणजोबा लढाईत गेले. कुठे गेले ते घरात कोणालाच ठाऊक नाही. शोधता येईल का?” बऱ्याचदा येतं. पण नुसत्या नावावरून शोधायला बसलं की वाट चुकते. नवीन गेज आलं की आधी ठाऊक मापाच्या तुकड्यावर तपासून घ्यायचं, ही आम्हा इंजिनिअर लोकांची सवय. तसंच इथे करू. ज्याची माहिती पक्की आहे, असा एक सैनिक घेऊ.

नाईक यशवंत घाडगे. जन्म 16 नोव्हेंबर 1921, गाव पळसगाव, तालुका माणगाव. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. 10 जुलै 1944 रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. ते सोडून बाकी सगळे ठार किंवा जखमी. घाडगे एकटे त्या मोर्चावर धावून गेले. ग्रेनेड टाकून मशीनगन आणि ती चालवणारा संपवला, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तर बंदूक उलटी धरून उरलेल्या दोघांना हाणून मारलं. मग शत्रूच्या स्नायपरची गोळी लागली. वय 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आता यांनाच आपण ओळखत नाही असं समजून शोधायला बसा. युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी संकेतस्थळावर फुकट बघता येते. पण इंग्रजी कागदांत यशवंतचं ‘येशवंत’ झालंय. ‘मराठा’ शब्दात तेव्हा एक जादा एच असायचा. आणि बऱ्याच हिंदी सैनिकांचं अख्खं नावच आडनावाच्या रकान्यात भरलेलं असतं, त्यामुळे नुसतं आडनाव टाकून काही हाती लागेलच असं नाही. जिल्हा रायगड म्हणून शोधाल तर तेही चूक, कारण 1981 पर्यंत तो कुलाबा होता. (आपली नगर हवेली तर दोन्ही महायुद्धांत पोर्तुगिजांकडे. इथला कोणी ब्रिटिश फौजेत गेलाच असेल, तर भरती हद्दीपलीकडे झाली असणार.)

म्हणून मी तीन गोष्टी आधी मागतो : सैनिकाचा नंबर, बटालियन आणि मृत्यूची तारीख. बटालियन अपूर्णांकासारखी लिहितात. 3/5 म्हणजे पाचव्या रेजिमेंटची तिसरी. हा वरचा आकडा फार महत्त्वाचा. इटलीत 1/5 पण होती, पण ती आठव्या हिंदी डिव्हिजनमध्ये आणि घाडग्यांची 3/5 दहाव्या. ‘पणजोबा मराठा रेजिमेंटमध्ये, इटलीत होते’ एवढ्यावर गेलात तर भलत्याच डोंगरावर पोचाल. आकडा आणि तारीख जुळली की बटालियनची वॉर डायरी बघायची. त्यातल्या बऱ्याच लंडनजवळ क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. शिपायाचं नाव तिथे क्वचितच येतं, पण त्या दिवशी तुकडी कुठे होती, काय झालं, किती माणसं पडली, हे कळतं. सेवेच्या नोंदींसाठी कुटुंबीयांनी बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहावं, आणि गावाकडच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारावं.

पहिल्या महायुद्धातला माणूस असेल तर आकडे आणखी बदलतात. 1922 च्या फेररचनेत जी 3/5 झाली, ती आधी 110वी मराठा. मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात अडकून 29 एप्रिल 1916 ला शरण गेलेल्या फौजेत ती होती. त्या मोहिमेतल्या, कबर ठाऊक नसलेल्यांचं स्मारक बसऱ्याला आहे. तिथे हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, पण साध्या शिपायांची कोरली नाहीत. रेजिमेंटखाली नुसती संख्या. कमिशनने 2021 च्या अहवालात हा भेदभाव मान्य केला. गावोगावच्या संगमरवरी पाट्यांचंही तेच : या गावातून इतके लढाईला गेले, त्यांपैकी इतके मेले. नाव एकाचंही नाही. मला या पाट्या पाहून दरवेळी राग येतो. बसऱ्याच्या शिपायांची नावं कमिशनच्या नोंदीत तेवढी सापडतात.

घाडग्यांचीही कबर नाही. पण त्यांचं नाव कॅसिनो स्मारकावर आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि ते लढले त्या भागातल्या मोंतोने गावाने जुलै 2023 मध्ये त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारलं. व्हिक्टोरिया क्रॉस होता म्हणून एवढं झालं. त्यांच्या सेक्शनमध्ये त्या दिवशी जे बाकीचे पडले, त्यांच्या घरच्यांना वरच्याच वाटेने जावं लागणार.

तर घरातली ट्रंक उघडा. पेन्शनचं पुस्तक, मनीऑर्डरची पावती, जुनं पत्र, काहीही चालेल. पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली बघा. पहिल्या युद्धाच्या पदकांवर तिथेच नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते. दुसऱ्या युद्धातल्या हिंदी सैनिकांच्या पदकांवरही पुष्कळदा असते. मात्र आणण्याआधी ते ब्रासो लावून चकचकीत करू नका. घासून घासून आधी कडेवरचे आकडेच जातात.