जुनी आवड, नवी पारख

28 मार्च 2020 रोजी, टाळेबंदीमुळे सारा देश घरात बसला असताना, दूरदर्शनने रामानंद सागर यांची 'रामायण' ही मालिका पुन्हा दाखविण्यास प्रारंभ केला. 25 जानेवारी 1987 रोजी ती प्रथम सुरू झाली तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. ज्याच्या घरी दूरचित्रवाणी संच असे त्याच्या सोप्यावर अर्धा वाडा जमे. संचाला हार घालून उदबत्ती लावणारी घरेही होती. 33 वर्षांनी तीच मालिका रोज सकाळी आणि रात्री दिसू लागली आणि अनेक घरांतील वडीलधारी मंडळी थोडी चकित झाली. आकाशात संथपणे सरकत जाऊन एकमेकांवर आदळणारे बाण, रंगविलेले ढग, संपता न संपणारी संभाषणे पाहून, हीच का ती मालिका, असा प्रश्न त्यांना पडला. मात्र पूर्वी जेथे त्यांचे डोळे कोरडे राहिले होते, अशा काही ठिकाणी ते या वेळी भरून आले.

या दुसऱ्या अनुभवाचा विचार करणे आम्हांस अधिक अगत्याचे वाटते. 1987 साली पंचविशीत असलेला प्रेक्षक वनवासाच्या प्रसंगी रामलक्ष्मणांबरोबर अयोध्येबाहेर पडला होता. त्याचे लक्ष पुढल्या वाटेकडे, अरण्याकडे, येऊ घातलेल्या युद्धाकडे होते. 2020 साली तोच प्रेक्षक साठीच्या उंबरठ्यावर होता. दरम्यानच्या काळात त्याचा मुलगा आखातात किंवा इंग्लंडात गेला होता आणि विमानतळावरून घरी परतताना मोटारीत कोणी कोणाशी बोलत नाही याचा अनुभव त्याने घेतला होता. या खेपेस त्याचे मन रथाबरोबर गेले नाही, ते मागे उरलेल्या दशरथापाशी थांबले. दशरथ आणि कौसल्या साकारणारे बाळ धुरी आणि जयश्री गडकर हे प्रत्यक्षातही पतिपत्नी होते. जयश्रीबाई तर आपल्या शेजारच्या कारवार भागातील सदाशिवगडाजवळच्या. 1959 साली 'सांगत्ये ऐका' या चित्रपटात त्यांना पाहून वेडावलेल्या आणि तो चित्रपट पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात 131 आठवडे चालविणाऱ्या पिढीला 1987 साली त्या रामाची माता म्हणून भेटल्या. नटीबरोबर प्रेक्षकही वयाने वाढत होता. फक्त त्याला त्याची जाणीव नव्हती.

चित्रफितीला वय नसते. तिच्यातील तरुण तरुणच राहतो आणि वृद्ध कधी मरत नाही. बदलतो तो समोर बसलेला माणूस. तरुणपणी आपण कलाकृतीत जे अजून घडावयाचे आहे ते शोधतो. उतारवयात जे घडून गेले त्याचा अर्थ शोधतो. म्हणून आवडते नाटक वा चित्रपट वीसतीस वर्षांनी पुन्हा पाहणे ही एका परीने आपलीच परीक्षा असते. ती टाळण्याच्या दोन युक्त्या आपल्या समाजात रूढ आहेत. 'आमच्या वेळी असे नव्हते' असे म्हणून जुने ते सारे सोने ठरविणे ही पहिली, आणि जुन्या चित्रपटांतील टोप, मिशा आणि हातवारे पाहून हसत सुटणे ही दुसरी. या दोन्हींत पाहणे तेवढे राहून जाते.

'नटसम्राट'चेच उदाहरण घ्या. वि. वा. शिरवाडकरांचे हे नाटक धी गोवा हिंदु असोसिएशनने 23 डिसेंबर 1970 रोजी मुंबईत प्रथम रंगभूमीवर आणले. दिग्दर्शक होते पुरुषोत्तम दारव्हेकर. गणपतराव बेलवलकर उभे करणारे डॉ. श्रीराम लागू त्या वेळी अवघे 43 वर्षांचे होते; म्हातारपण त्यांनी अनुभवातून नव्हे, तर अभ्यासातून आणि कल्पनेतून उभे केले होते. त्या काळी नाटक पाहून बाहेर पडणारा तरुण बेलवलकरांच्या मुलामुलीला शिव्याशाप देत घरी जाई. आपण आपल्या आईवडिलांशी असे कदापि वागणार नाही अशी शपथही तो मनोमन घेत असे. पुढे तो स्वतः संसारी झाला आणि त्याला दुसरी बाजू दिसू लागली. ज्याचा आवाज आयुष्यभर नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेसाठी लावलेला आहे, असा माणूस दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात सामावून घेणे किती कठीण असते, हे त्याला उमगले. मुलगी चोरीचा संशय घेते हा अपराध त्यामुळे लहान होत नाही. पण तो अपराध घडेपर्यंतची पायरीन् पायरी दिसू लागते.

आणि तोच प्रेक्षक वृद्ध झाल्यावर? मग त्याला गणपतरावांचे दान वेगळे दिसते. सारी मालमत्ता मुलांना वाटून टाकण्यात जेवढे वात्सल्य आहे तेवढाच रंगभूमीवरच्या राजाचा डौलही आहे. शेक्सपिअरच्या लिअर राजाची सावली या नाटकावर आहे, आणि लिअरप्रमाणेच गणपतरावही आयुष्यातला सर्वांत मोठा व्यवहार नाटकातल्या प्रवेशासारखा उरकतात. त्या प्रवेशाची किंमत कावेरीबाई मोजतात. तरुण डोळ्यांना कावेरी ही नायकाची सोशिक पत्नी तेवढी वाटते. म्हाताऱ्या डोळ्यांना ती या नाटकातील सर्वांत शहाणी व्यक्ती वाटते. एकाच संहितेने एकाच माणसाला तीन वयांत तीन वेगळे निवाडे द्यावयास लावावेत, यालाच आम्ही कलाकृतीचे मोठेपण समजतो.

असेच दुसरे नाटक 'संगीत शारदा'. गोविंद बल्लाळ देवलांचे हे नाटक 1899 साली इंदुरास प्रथम झाले. विवाहाच्या हौसेने पछाडलेल्या म्हाताऱ्या भुजंगनाथाला पाहून सारे नाट्यगृह हसते, आणि पंचविशीतला प्रेक्षक सर्वांत मोठ्याने हसतो. पण हा प्रेक्षक मुलीचा बाप झाला, स्थळे, देणीघेणी, लोकांची तोंडे यांच्या फेऱ्यात सापडला, की भुजंगनाथाकडची त्याची नजर हलते आणि पैशासाठी मुलीला विकणाऱ्या कांचनभटावर खिळते. कांचनभटाला पाहून त्याला हसू येत नाही. भुजंगनाथ हा एका काळाचा विनोद होता. पैशापुढे मुलीचे मन न पाहणारा बाप मात्र प्रत्येक काळात नवा अंगरखा घालून येतो.

'शारदा'नंतर 38 वर्षांनी, 1937 साली, प्रभात कंपनीने 'कुंकू' हा चित्रपट काढला. व्ही. शांताराम यांचे दिग्दर्शन, ना. ह. आपटे यांची कादंबरी, शांता आपटे यांची नीरा आणि केशवराव दाते यांचे काकासाहेब. फसवून म्हाताऱ्या विधुराच्या गळ्यात बांधलेली नीरा त्याला पती मानण्यास साफ नकार देते. तरुणपणी पाहणाऱ्याला त्यात नीरेचे तेजच दिसते आणि ते योग्यही आहे. पण वय झाल्यावर काकासाहेबांकडे पाहा. मिशांना कलप लावणारा हा वकील खलपुरुष नाही. आपण एका मुलीचे आयुष्य नासले ही जाणीव त्याच्या मनात इंचाइंचाने शिरते, आणि ती शिरताना केशवरावांचा चेहरा पाहणे हे आजही शिक्षण आहे. चित्रपटात गाण्यांखेरीज पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. घरातले आवाजच काय ते ऐकू येतात. ऐन तारुण्यात ही शांतता कंटाळवाणी वाटते. पुढे आयुष्यात गोंगाट पुरेसा झाला, की तीच हवीशी वाटते.

नव्या डोळ्यांना 'कुंकू'तील एक उणेही दिसते. काकासाहेब अखेर आत्महत्या करतात आणि नीरा मोकळी होते. चूक कळलेल्या माणसाने मरूनच ती दुरुस्त करावी काय? हिंदू विवाह कायदा 1955 साली आला. 1937 च्या कथेला तो मार्ग खुला नव्हता. तरी आजचा तरुण हा प्रश्न विचारतो आणि त्याने तो विचारावा. जुन्या आवडीला प्रश्न विचारला म्हणून तिचा अपमान होत नाही.

आता या शेजारी 1991 चा 'माहेरची साडी' ठेवा. विजय कोंडके यांचा हा चित्रपट पाहण्यासाठी गावोगावच्या बायका झुंडीने गेल्या आणि पदर भिजवून परतल्या. अलका कुबल यांची त्यातली सासुरवाशीण सारे मुकाट्याने सोसते. 54 वर्षांपूर्वीची नीरा नकार देते आणि 54 वर्षांनंतरची ही लेक रडत राहते, यावरून काळाबरोबर कला पुढेच जाते हा भ्रम दूर व्हावा. आज आजीशेजारी बसून हा चित्रपट पाहणारी नात सरळ विचारते, 'ही घर सोडून का जात नाही गं?' आजीजवळ याला चटकन उत्तर नसते. परंतु ज्यांना हे पाहून हसू येते त्यांना आमचे सांगणे आहे की, आजीचे 1991 सालचे अश्रू खोटे नव्हते. घरात रडण्याची सोय नव्हती म्हणून ती काळोख्या चित्रगृहात रडून आली. चित्रपट कदाचित लहान ठरेल. ते रडणे लहान ठरत नाही. नातीचा प्रश्न आणि आजीचे अश्रू यांची गाठ पडली, तर त्या घरात जे बोलणे होईल ते कोणत्याही चित्रपटाहून मोलाचे असेल.

अर्थात पुन्हा पाहावयाचे तर पाहण्याजोगे काही शिल्लक हवे. येथे आपली बाजू लंगडी आहे. दादासाहेब फाळक्यांचा 1913 चा 'राजा हरिश्चंद्र' आज पूर्ण रूपात उरलेला नाही. मूकपटांच्या काळातील बहुतांश चित्रपट कायमचे गेले. 1964 साली पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले म्हणून काही वाचले. तरी 2003 च्या पुण्यातील आगीत जुन्या नायट्रेट फिती जळाल्याच. नाटकाचे तर याहून अवघड. डॉ. लागूंनंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी बेलवलकर उभे केले, 2016 साली नाना पाटेकर पडद्यावर आले. पण 1970 चा तो पहिला प्रयोग कोणालाही पुन्हा पाहता येणार नाही. नाटक पुन्हा पाहणे म्हणजे दर वेळी नवे नाटक पाहणे होय.

आपल्या गोमंतकात देवळांच्या उत्सवांतून, जत्रांच्या रात्री, गावकऱ्यांनी उभी केलेली नाटके पिढ्यान्पिढ्या होत आली आहेत. दिवसा दुकान वा कुळागर सांभाळणारा आणि रात्री शिवाजी वा सुधाकर होणारा नट प्रत्येक गावाने पाहिला आहे. त्याच्या प्रयोगाची फीत नाही, छायाचित्र असले तर एखादे. पण हाताने उतरवून घेतलेल्या भूमिकांच्या वह्या, जुनी हस्तपत्रके, क्वचित कोणी ध्वनिमुद्रित केलेली गाणी अजून कपाटांत आणि माळ्यांवर पडून आहेत. वाळवी त्यांची वाट पाहते आहे. देवस्थान समित्यांनी आणि गावच्या नाट्यमंडळांनी या वह्या गोळा करून एका कोरड्या कपाटात ठेवल्या तरी फार मोठे काम होईल. त्यासाठी सरकारी योजनेची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही.

चवथीला आपली माणसे मूळ घरी जमतात. मुंबईचे येतात, परदेशातले जमेल तसे येतात. आरती आणि जेवणे झाली की प्रत्येकजण आपापल्या कोपऱ्यात आपापल्या पडद्यासमोर बसतो, असे चित्र अलीकडे दिसते. त्या दिवसांतील एक दुपार सर्वांनी मिळून एखादा जुना चित्रपट पाहण्यात घालवावी, असे आम्ही सुचवितो. वडीलधाऱ्यांनी तो तरुणांवर लादू नये आणि तरुणांनी पहिल्या दहा मिनिटांत त्याचा निकाल लावू नये. पाहून झाल्यावर प्रत्येकाने एवढेच सांगावे की या वेळी आपण कोणाच्या बाजूला होतो. आजोबा काकासाहेबांविषयी बोलतील, नात नीरेविषयी बोलेल, आणि मधल्या पिढीला कदाचित दोघांचेही थोडे पटेल. घरात जे एरवी बोलता येत नाही, ते पडद्यावरच्या माणसांच्या आडून बोलता येते. नाटक आणि चित्रपट यांनी आपल्या समाजावर केलेल्या उपकारांतील हा एक मोठा उपकार आहे.