पांढरं म्हणजे रिकामं नव्हे

भिसेगावात राहणाऱ्या चाकरमान्याला एक रोकडा फायदा असतो. कर्जत स्टेशन हाकेच्या अंतरावर आणि लोकल इथूनच सुटणारी, त्यामुळे बसायला जागा मिळते. पुढे सीएसएमटीपर्यंत शंभर किलोमीटर. डब्यात कुणी पत्ते पिसतं, कुणी टाळ काढतं, बाकीचे नेरळ यायच्या आत घोरू लागतात. माझ्यासमोर बसणारी कॉलेजची मुलगी मात्र चौकटीच्या वहीत पेन्सिलीने घरं काळी करत असते. हे कोडं मी तिच्याकडूनच शिकलो.

नियम पोस्टकार्डावर मावतील एवढे. आठ बाय आठची चौकट, प्रत्येक घर काळं किंवा पांढरं. प्रत्येक आडव्या ओळीत आणि प्रत्येक उभ्या रांगेत चार काळी, चार पांढरी. एकाच रंगाची तीन घरं लागोपाठ नकोत, आडवीही नाही आणि उभीही नाही. काही घरं आधीच भरून दिलेली असतात. याच्या जवळच्या कोड्याला कुणी ताकुझू म्हणतं, कुणी बायनेरो; त्यात दोन ओळी किंवा दोन रांगा हुबेहूब सारख्या नकोत, ही अटही असते. ती अट नसलेलं हे कोडं सायमन टॅथम यांच्या फुकट कोडीसंग्रहात ‘अनरूली’ नावाने आहे. ते इंटरनेटशिवाय चालतं. ती तिथलं कोडं वहीत उतरवून घेते, कारण फोनवर बोट फार लवकर चालतं, असं तिचं म्हणणं.

कागदावर मात्र वेगळीच पंचाईत. फोनवर न ठरलेलं घर करडं दिसतं. वहीत पांढरं ठरलेलं घर आणि अजून न ठरलेलं घर, दोन्ही कोरीच. म्हणून पांढरं ठरलं की आत बारीक ठिपका द्यायचा. शिकणाऱ्याने पहिली सवय लावायची ती ही. ठिपका दिला नाही, तर चार पांढरी मोजताना बुद्धी नव्हे, डोळे फसतात.

पहिल्या युक्त्या सोप्या. दोन काळी शेजारी दिसली की त्यांच्या दोन्ही टोकांना पांढरं. दोन काळ्यांमध्ये एकच घर मोकळं असेल तर तेही पांढरं. एखाद्या ओळीत चार काळी झाली की उरलेल्या सगळ्यांना ठिपके. एवढ्यावर अर्धी चौकट भराभर भरते आणि मग गाडी अडते. तिथे माझा हात अंदाजपंचे चालायला लागला की ती मान वर न करता विचारते, “काका, कशावरून?”

एक ओळ तिने पेन्सिल टेकवून दाखवली. काळं, काळं, पांढरं, काळं, पांढरं आणि पुढची तीन घरं कोरी. तीन काळी झालीत, एकच उरलं. ते सहाव्यात की सातव्यात, हे या ओळीवरून कळत नाही. पण आठव्यात ठेवून बघा. सहावं-सातवं पांढरं करावं लागेल, पाचवं आधीच पांढरं आहे, म्हणजे तीन लागोपाठ. तेव्हा आठवं पांढरंच. शेजारची दोन घरं अधांतरी असताना टोकाचं घर पक्कं होतं. मला या कोड्यातली खरी गंमत इथे वाटते. कुठे काय आहे ते कळत नाही; कुठे काय असूच शकत नाही तेवढं कळतं, आणि तेवढं पुरतं.

शाळेत ‘यमाताराजभानसलगा’ घोकलेल्यांना आणखी एक मौज दिसेल. काळं म्हणजे गुरू, पांढरं म्हणजे लघु धरा. मग तीन लागोपाठ नकोत म्हणजे काय, तर आठ गणांपैकी तिन्ही गुरूंचा म गण आणि तिन्ही लघूंचा न गण बाद. पिंगळाच्या प्रस्तारात आठ अक्षरांच्या चरणाची लघुगुरूंची २५६ रूपं होतात. चार-चारची अट घातली की ७० उरतात, तिनांची बंदी लावली की ३४. आठही गुरू असलेली विद्युन्माला अर्थातच बाहेर. लघु-गुरू आलटून पालटून येणारी प्रमाणिका आत. म्हणजे कुठलीही ओळ या चौतिसांतलीच एक असणार. हे सांगितल्यावर मुलीने “बरं” म्हणून पान उलटलं. तिच्या पिढीला वृत्तांचं प्रेम नसावं, किंवा कल्याण आलं असावं.

कल्याणला डबा भरतो आणि सल्लागारही चढतात. उभ्या उभ्या एक गृहस्थ वहीत डोकावून म्हणाले, “टाका की काळं, पन्नास-पन्नास चान्स आहे.” तिने वही किंचित तिरकी केली.

पण अंदाज आणि ‘समजा’ यांत फरक आहे. आठव्या घरात काळं ‘समजा’ ठेवलं, अडचण दिसली, उचललं. हे सगळं मनात, पेन्सिल न टेकवता. एका ओळीपुरतं असं धरून बघण्यात मला गैर वाटत नाही. धरलेलं घर रंगवून त्यावर पुढची दहा रचली, तर मात्र चूक कुठे झाली हे शोधायला दादरही पुरत नाही; सगळं खोडावं लागतं. यावर आमचं एकमत नाही. तिच्या मते मनातली दुसरी पायरीसुद्धा लबाडीच. ओळीवर अडलं तर रांग बघावी, आणि बघायची तर सगळ्यात जास्त भरलेली आधी. हल्ली ती चौदा बाय चौदाची घेते. प्रत्येक ओळीत सात-सात, तेव्हा समासात किती काळी उरली ते लिहून ठेवते आणि घर भरलं की आकडा खोडून नवा घालते. तिची पेन्सिल घरांपेक्षा त्या समासात जास्त चालते.