जुनं इंजिन आणि बायोडिझेल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

न्हावा-शेव्याच्या बंदरातून निघालेला ट्रेलर शिळफाटा आणि मुंब्रा बायपासमार्गे कळव्याजवळ खारेगावला नाशिक महामार्ग गाठतो. या वाटेवर मेकॅनिकल फ्युएल पंपाची जुनी इंजिनं अजूनही दिसतात. डिझेलचे भाव पाहून त्यांच्या मालकांना बायोडिझेलचा मोह होतो. सल्ले मात्र दोनच मिळतात : ‘इंजिन बसेल’ किंवा ‘काही होत नाही, बिनधास्त टाका’. दोन्ही अर्धवट आहेत.

गैरसमज : तळणीचं तेल गाळून घेतलं की झालं बायोडिझेल.

वस्तुस्थिती : १९००च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं होतं, हे खरं. पण नुसतं तेल डिझेलपेक्षा दहापट किंवा त्याहूनही दाट असतं. नोझलमधून त्याची फवार नीट उडत नाही. काजळी धरते, पिस्टनच्या रिंगा चिकटतात. तेलावर मिथेनॉलची प्रक्रिया करून ग्लिसरीन वेगळं काढल्यावर जे मिथाइल एस्टर उरतं, ते बायोडिझेल. त्याचं भारतीय मानक आयएस १५६०७. वापरलेलं तेल हा त्याचा कच्चा माल, आणि ते गोळा करण्यासाठी देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, एफएसएसएआयने, २०१८ मध्ये ‘रुको’ उपक्रम सुरू केला. पण कारखान्यातून न गेलेलं तेल टाकीत जाता कामा नये.

गैरसमज : जुन्या इंजिनाला बायोडिझेल चालतच नाही.

वस्तुस्थिती : डिझेलच्या आयएस १४६० या मानकातच ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेलला मुभा आहे, ६ ते २० टक्के मिश्रणासाठी आयएस १६५३१ हे वेगळं मानक आहे. रेल्वेने ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली-अमृतसर शताब्दीचं इंजिन ५ टक्के मिश्रणावर चालवलं होतं. एका बाबतीत तर जुनं इंजिन जास्त सोशिक आहे. बीएस-६ गाड्यांत धुराचा फिल्टर जाळून साफ करण्यासाठी अनेकदा सिलिंडरमध्ये जादा इंधन सोडतात. बायोडिझेल सहजी उडून जात नाही, त्यामुळे ते इंजिन ऑइलमध्ये उतरून ऑइल पातळ करू शकतं. मेकॅनिकल पंपाच्या जुन्या गाडीत ही भानगडच नाही.

गैरसमज : मग काही न बदलता थेट टाकायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : जुन्या गाडीची खरी अडचण इंजिनाच्या आधीच, टाकी आणि पाइपांत असते. बायोडिझेल गाळ सोडवतं. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला थर सुटून फिल्टरमध्ये येतो आणि गाडी चढावर दम तोडते. दोष इंधनाला दिला जातो. प्रत्यक्षात जुनी घाण बाहेर पडत असते. दुसरी गोष्ट रबराची. नैसर्गिक आणि नायट्राइल रबराचे होज व सील जास्त प्रमाणाच्या मिश्रणात फुगतात किंवा मऊ पडतात, व्हायटॉन या कृत्रिम रबराचे टिकतात. तांबं, पितळ, जस्त यांच्या सततच्या संपर्कात बायोडिझेल लवकर खराब होतं.

गैरसमज : अ‍ॅव्हरेज कोसळतो, पंप झिजतो.

वस्तुस्थिती : शुद्ध बायोडिझेलमध्ये लिटरमागे ऊर्जा साधारण ८ टक्के कमी असते. २० टक्के मिश्रणात ही घट एक-दोन टक्क्यांवर येते, ५ टक्क्यांत ती जाणवतही नाही. झिजेचं तर उलटंच आहे. आजच्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमपर्यंत उतरवलेलं आहे आणि त्या शुद्धीकरणात डिझेलचा स्वाभाविक वंगणगुण कमी होतो. एक-दोन टक्के बायोडिझेल तो भरून काढतं.

गैरसमज : धूर बंद, प्रदूषण शून्य.

वस्तुस्थिती : अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००२ मध्ये प्रामुख्याने १९९०च्या दशकातल्या अवजड इंजिनांची आकडेवारी तपासली. २० टक्के मिश्रणाने धुरातले कण सुमारे १० टक्के आणि कार्बन मोनॉक्साइड ११ टक्के घटला, पण नायट्रोजन ऑक्साइड २ टक्के वाढले. फायदा आहे, चमत्कार नाही.

गैरसमज : स्वस्तात मिळतंय तर पिंप भरून ठेवावं.

वस्तुस्थिती : बायोडिझेल हवेतलं पाणी डिझेलपेक्षा जास्त ओढतं. पावसाळ्यात अर्धवट भरलेल्या पिंपात तळाशी पाणी साचतं, त्यात जिवाणू वाढतात आणि फिल्टर तुंबतो. पाम तेलापासून बनवलेलं शुद्ध बायोडिझेल तर १५ अंशांच्या आसपासच गढूळ होऊ लागतं. खाडीकाठच्या कळव्यात हे कळणार नाही. थंडीत नाशिकच्या पुढे गेल्यावर कळेल.

आणि ‘स्वस्त’ या शब्दापाशी थांबायलाच हवं. केंद्राच्या २०१९च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शुद्ध बायोडिझेलची किरकोळ विक्री डिझेलमध्ये मिसळण्यासाठी आणि परवान्यानेच करता येते. हायवेकडेला डिझेलपेक्षा कितीतरी स्वस्तात मिळणारं ‘बायोडिझेल’ हे अनेकदा कर चुकवलेलं बेस ऑइल किंवा सॉल्व्हंट असतं. नोझल आणि पंप बसले की बदनाम होतं ते बायोडिझेल.

म्हणून जुन्या गाडीच्या मालकाने पक्कं बिल आणि आयएस १५६०७चा तपासणी अहवाल मागावा. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर गाडी पुढे काढावी. टाकी धुऊन, होज आणि सील तपासून ५ टक्क्यांपासून सुरुवात करावी आणि २०च्या वर जाऊ नये. पहिले काही आठवडे जादा फिल्टर केबिनमध्ये ठेवावेत आणि मिश्रण भरलेली गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये. एवढं सांभाळलं तर जुनं इंजिन कुरकुर करणार नाही.