वेग घटला की आधी चुका मोजा

घरचे इंटरनेट मंदावले की बहुतेकांची नजर एकाच आकड्याकडे जाते. मोडेम आणि पलीकडचे यंत्र एकमेकांशी जुळताना किती वेगाने बोलायचे हे ठरवतात, तो हा आकडा. त्यालाच सिंक स्पीड म्हणतात. काल तो 16 मेगाबिट होता आणि आज 13 वर आला, की कंपनीने वेग कापला असा समज होतो आणि तो पुन्हा 16 वर कसा न्यायचा याची खटपट सुरू होते. माझे म्हणणे असे की ही खटपट चुकीच्या टोकापासून सुरू होते. घटलेला सिंक स्पीड ही बहुधा मूळ तक्रार नसते. तारेत कुठेतरी गोंगाट शिरल्याची ती खूण असते. खूण पुसून दुखणे जात नाही. तांब्याच्या टेलिफोन तारेवर हे स्पष्ट दिसते, म्हणून तिथलेच उदाहरण घेऊ. आपल्याकडे बीएसएनएलने जानेवारी 2005 मध्ये ‘डेटावन’ नावाने ब्रॉडबँड दिले ते याच तारेवर, आणि मुंबईत एमटीएनएलची सेवाही याच तारेवर आली. ब्रिटनमध्ये तर रस्त्यावरच्या हिरव्या पेटीपर्यंत फायबर आणि तिथून घरापर्यंत तांबे, अशी जोडणी अजून लाखो घरांत आहे; तिथल्या मराठी घरांतही.

एडीएसएल2+ हे या तांब्याच्या तारेसाठी 2003 साली ठरलेले तंत्र. ते तारेवरची 2.2 मेगाहर्ट्झपर्यंतची जागा 512 अरुंद पट्ट्यांत वाटते. प्रत्येक पट्टीत गोंगाटाच्या मानाने सिग्नल किती उंच आहे ते जुळणीच्या वेळी मोजले जाते आणि त्यानुसार तिच्यावर बिटांचा भार टाकला जातो, जास्तीत जास्त 15 बिट. अशा सेकंदाला 4000 खेपा जातात. सगळा भार टाकला तर लाइन काठावर येईल आणि गोंगाट जरासा वाढला तरी तुटेल, म्हणून मुद्दाम काही अंतर राखून ठेवतात. मोडेमच्या पानावर ‘एसएनआर मार्जिन’ लिहिलेले असते ते हेच, आणि नेहमीचे लक्ष्य 6 डेसिबलचे असते. एका पट्टीवर एक बिट जास्त न्यायचा तर सुमारे 3 डेसिबल खर्ची पडतात. म्हणजे मार्जिन 6 वरून 9 वर नेले तर प्रत्येक पट्टीला साधारण एका बिटावर पाणी सोडावे लागते. 400 पट्ट्या चालू असल्या तर 400 गुणिले 4000, म्हणजे 1.6 मेगाबिट गेले. वेग ‘कापला’ जातो तो बऱ्याचदा असा. कुणाच्या मर्जीने नव्हे, या हिशेबाने.

राखलेले अंतर पुरत नाही तेव्हा दुसरी तटबंदी लागते, चूक दुरुस्तीची. पाकिटावर आपण गावाबरोबर तालुका, जिल्हा आणि पिनकोडही लिहितो. पावसाने गावाचे नाव पुसले तरी बाकीच्यावरून पत्र पोहोचते, कारण गरजेपेक्षा जास्त माहिती आपण आधीच लिहून ठेवलेली असते. आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी 1960 साली ही कल्पना गणितात बसवली. त्यांच्या पद्धतीने 255 बाइटांच्या गठ्ठ्यात 16 बाइट तपासणीसाठी राखले, तर गठ्ठ्यातले कुठलेही 8 बाइट बिघडले तरी ते नेमके ओळखून दुरुस्त करता येतात. अडचण अशी की तारेवरचा बिघाड एकेका बाइटाने येत नाही. फ्रिजचे किंवा मिक्सरचे बटण दाबताना उडालेली ठिणगी पुरी एक खेप खराब करते. 16 मेगाबिटच्या लाइनवर एका खेपेत 500 बाइट असतात आणि दुरुस्तीची ताकद 8 बाइटांची.

यावर तोडगा म्हणून पाठवण्याआधी बाइटांची सरमिसळ करतात. एकाच गठ्ठ्यातले शेजारी तारेवर एकमेकांपासून दूर जातात, आणि पलीकडे क्रम पूर्ववत लावला की 500 बाइटांचा घाव अनेक गठ्ठ्यांत थोडा थोडा वाटला जातो. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. गठ्ठ्यामागे 8 प्रमाणे 500 बाइट वाटायला 63 गठ्ठे लागतात. तेवढे बाइट 16 मेगाबिटच्या वेगाने यायला सुमारे 8 मिलिसेकंद लागतात, आणि तेवढा वेळ थांबल्याशिवाय क्रम लावता येत नाही. मोडेमच्या पानावर सरमिसळीचा विलंब पुष्कळदा 8 मिलिसेकंद दिसतो तो काही मनाने घातलेला आकडा नाही. विजेचा प्रवाह सेकंदाला 50 आवर्तने करतो, त्यामुळे खराब अडॅप्टर किंवा दिवा मंद करणारे बटण दर 10 मिलिसेकंदाला एक टोचणी देते. विलंब त्याहून कमी ठेवला तर एक घाव भरून निघेपर्यंत दुसरा त्याच गठ्ठ्यांवर पडत नाही. ही रचना मला फार सुंदर वाटते. ठिणगीला अडवणे मोडेमच्या हातात नसते, पण तिने केलेली हानी तो पेलण्याजोगी करून घेतो.

यावरचा पहिला आक्षेप उघड आहे. तपासणीचे बाइट माझ्या वेगातून जातात, राखलेले अंतरही माझ्याच वेगातून जाते, मग हे संरक्षण म्हणजे मी पैसे मोजून घेतलेल्या वेगाची चोरीच नव्हे का? उत्तर क्लॉड शॅनन यांनी 1948 सालीच दिले आहे. गोंगाट असलेल्या तारेचीही एक निश्चित क्षमता असते आणि तिच्या आत राहिले तर चुका हव्या तितक्या कमी करता येतात, असे त्यांनी सिद्ध केले. आणि त्या क्षमतेच्या जवळ जाण्याची वाट चूक दुरुस्तीतूनच जाते. संरक्षण काढून वाढवलेला सिंक स्पीड हा तारेवरून धावणाऱ्या बिटांचा वेग आहे, घरात सुखरूप पोहोचलेल्या बिटांचा नव्हे. दुरुस्त न झालेला गठ्ठा गेला की त्यातले डेटाचे पाकीट हरवते, आणि इंटरनेटवरची नेहमीची वाहतूक पाकीट हरवले की रस्त्यात गर्दी आहे असे समजून आपणहून मंदावते. ही वाहतूक हाकणाऱ्या टीसीपीच्या पारंपरिक पद्धतीत पाकिटे हरवण्याचे प्रमाण चौपट झाले तर वेग निम्म्यावर येतो. अशी लाइन 16 मेगाबिट दाखवील, पण व्हिडिओ अडखळतच राहील. 13 ची निकोप लाइन तिच्यापेक्षा सरस ठरेल. 2010 मध्ये आलेल्या पुनर्प्रेषणाच्या तंत्राने तर आक्षेपाचा उरलासुरला आधारही गेला. त्यात पाठवणारे टोक गठ्ठ्यांची प्रत काही काळ जवळ ठेवते आणि बिघडलेला तेवढाच गठ्ठा पुन्हा पाठवते. कायमचा विलंब नको, तपासणीचा भारही थोडा. अशी जोडणी असेल तर मार्जिन 6 ऐवजी 3 डेसिबलवर ठेवता येते, आणि ब्रिटनमध्ये तसे केलेही गेले आहे. इथे संरक्षण वाढले म्हणून वेग वाढला.

दुसरा आक्षेप खेळणाऱ्यांचा. त्यांना 8 मिलिसेकंदही जड वाटतात. आक्षेप खरा आहे आणि निकोप, छोट्या लाइनवर सरमिसळ बंद ठेवणे योग्यच. पण गोंगाट असलेल्या लाइनवर ती बंद केली तर वाचलेल्या 8 मिलिसेकंदांच्या बदल्यात पाकिटे हरवतात, आणि ती पुन्हा मागवण्यात त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. सगळ्यांत घातक सवय मात्र मोडेम पुन्हा पुन्हा बंद-चालू करण्याची. बऱ्याच कंपन्यांची स्वयंचलित व्यवस्था प्रत्येक लाइनवर पहारा ठेवते. चुका आणि जुळणी तुटण्याचे प्रसंग मोजते आणि ते वाढले की मार्जिन किंवा सरमिसळ वाढवते. तिला तुमचा हेतू कळत नाही. सारखी तुटणारी लाइन तिच्या लेखी आजारी लाइन ठरते. वेग परत मिळावा म्हणून केलेल्या चार रीस्टार्टमुळे तो आणखी खाली जाऊ शकतो आणि सावरायला दिवस लागू शकतात.

म्हणून आधी चुका वाचाव्यात. मोडेमच्या पानावर एफईसी आणि सीआरसी अशी दोन मोजणी असते. एफईसी म्हणजे आलेल्या आणि दुरुस्त झालेल्या चुका. हा आकडा लाखांत गेला म्हणून घाबरण्याचे कारण नाही, तटबंदी काम करते आहे एवढाच त्याचा अर्थ. सीआरसी म्हणजे तटबंदी ओलांडून आत आलेल्या चुका. ज्या सेकंदात अशी एकही चूक झाली तो ‘एरर्ड सेकंद’, आणि 18 किंवा अधिक झाल्या तर तो गंभीर. एकूण बेरजेपेक्षा ती केव्हा वाढली हे जास्त बोलके असते. ठरावीक वेळी उसळी दिसली तर घरातले किंवा शेजारचे एखादे उपकरण संशयित. पावसानंतर वाढ झाली तर सांध्यात पाणी किंवा गंज. आपल्या पावसाळ्यात खांबावरच्या टेलिफोनच्या डीपीत हेच घडत आले आहे. रोज सूर्यास्तानंतर मार्जिन खाली येत असेल तर कारण आकाशात आहे. मध्यम लहरींची रेडिओ केंद्रे एडीएसएलच्याच पट्ट्यांत बोलतात, आणि दिवसा त्यांना शोषून घेणारा वातावरणाचा थर रात्री विरतो, म्हणून दूरची केंद्रेही तारेत शिरतात.

घरातला तपास सोपा आहे. लाइन घरात शिरते तिथल्या पहिल्या सॉकेटला मोडेम थेट लावावा. ब्रिटनमधल्या मुख्य सॉकेटचे खालचे झाकण काढले की मागे खास तपासणीची जागाच असते. फोनच्या सगळ्या समांतर तारा सोडवाव्यात, कारण खोल्याखोल्यांत फिरवलेली जुनी तार अँटेनासारखी गोंगाट गोळा करते. ब्रिटिश घरांतली घंटीची तिसरी तार यासाठी कुप्रसिद्ध आहे. फोन आणि इंटरनेट वेगळे करणारा स्प्लिटर बदलून पाहावा. मोडेमचा स्वतःचा अडॅप्टरही निर्दोष धरू नये. मध्यम लहरींचा छोटा रेडिओ दोन केंद्रांच्या मधल्या जागी लावून घरात फिरवला तर गुणगुण जिथे वाढते तिथे दोषी उपकरण सापडते. प्रत्येक बदलानंतर काही तास थांबून आकडे टिपावेत. दोन बदल एकदम केले तर गुण कशाने आला ते कळणार नाही.

संरक्षणाला मर्यादा आहे, आणि तिचा लख्ख पुरावा वेल्समधल्या अबरहोसन या खेड्यात मिळाला. तिथले ब्रॉडबँड दीड वर्ष रोज सकाळी 7 वाजता कोलमडत होते. ओपनरीच या कंपनीच्या तंत्रज्ञांनी तपासण्या केल्या, केबलही बदलली, उपयोग झाला नाही. शेवटी त्यांनी गोंगाट मोजणारे यंत्र घेऊन पहाटे गावातून फेरी मारली आणि ठीक 7 वाजता माग एका घरापर्यंत गेला. तिथला जुना, कुणाकडून तरी घेतलेला टीव्ही सकाळी चालू झाला की गोंगाटाचा मोठा लोट सोडत होता. 2020 साली ही बातमी जगभर गेली. सरमिसळ वाढवून किंवा मार्जिन चढवून हा लोट पेलला गेला नसता, आणि सिंक स्पीड वाढवून तर नाहीच. उपयोगी पडले ते घड्याळाकडे दिलेले लक्ष.

अर्थात प्रत्येक घट म्हणजे बिघाड नव्हे. शेजाऱ्यांनीही तीच सेवा घेतली की एकाच केबलमधल्या जोड्या एकमेकींत कुजबुजतात आणि घरात काहीही न बिघडता वेग कमी होतो. त्यावरचा उपाय कंपनीच्या पेटीत असतो, आपल्या सॉकेटमध्ये नाही. लांब तारेचेही तसेच. अटेन्युएशन, म्हणजे तारेत सिग्नलची होणारी घट, 60 डेसिबल असलेल्या लाइनवर कोणतीही सेटिंग 20 मेगाबिट आणणार नाही.

आता फायबर आले, हे सगळे जुने झाले, असे कुणी म्हणेल. तांबे जाते आहे हे खरे आणि ते चांगलेच आहे. पण चूक दुरुस्ती गेलेली नाही. 10 गिगाबिटच्या एक्सजीएस-पॉन या फायबर सेवेत 248 बाइटांच्या गठ्ठ्यामागे 32 बाइट तपासणीचे असतात आणि घराकडे येणाऱ्या दिशेने ते बंद करण्याची मुभा नसते. घरांसाठीच्या इतक्या वेगवान तंत्राने आपला सुमारे आठवा हिस्सा संरक्षणाला दिला आहे. फायबरवर सिंक स्पीड ठरलेला असतो, त्यामुळे तो पाहून काहीच कळत नाही; पाहायची ती येणाऱ्या प्रकाशाची ताकद. नेहमीच्या जी-पॉन जोडणीत ती उणे 27 डीबीएमच्या खाली गेली की चुका वाढतात, आणि कारण बहुतेकदा दुमडलेली तार किंवा मळलेला कनेक्टर असते. तक्रार नोंदवताना ‘नेट स्लो आहे’ एवढेच न सांगता दोन दिवस दर काही तासांनी टिपलेले आकडे द्यावेत: तांब्यावर मार्जिन, अटेन्युएशन आणि सीआरसी, फायबरवर प्रकाशाची ताकद, आणि प्रत्येकासमोर वेळ.