आधी मुक्काम, मग विमान

स्वस्त तिकीट दिसलं की आधी विमान पक्कं करायचं आणि डोंगराचं नंतर बघायचं, अशी आपल्याकडच्या बहुतेक परदेश सहलींची सुरुवात होते. उत्तर इटलीतल्या डोलोमाइट्समध्ये पायी भटकायचं असेल, तर हा क्रम उलटा करायला हवा. आल्प्सच्या या भागात विमानातली जागा सहज मिळते, डोंगरातली झोपायची जागा मिळत नाही.

तिथल्या डोंगरी मुक्कामांना रिफूजिओ म्हणतात. खिंडीत, पठारावर, कधी थेट कड्याच्या टोकावर उभी असलेली ही घरं जूनच्या उत्तरार्धात उघडतात आणि सप्टेंबर संपता संपता बंद होतात. एवढ्या तीनेक महिन्यांत जगभरचे पदयात्री तिथे येतात, त्यामुळे गाजलेल्या वाटांवरच्या उन्हाळी जागा हिवाळ्यातच भरू लागतात. वाटेत कुठेही तंबू ठोकू म्हणाल तर तेही जमणार नाही. संरक्षित उद्यानांत त्याला बंदी आहे.

मराठी घरांची खरी अडचण इथे येते. आपली हक्काची सुट्टी मे महिन्यात, आणि तेव्हा उंचावरच्या खिंडी बर्फाखाली, रिफूजिओंना कुलपं. मुलांच्या शाळेमुळे मे गाठायचाच असेल तर खालच्या दऱ्यांत, तळ्यांकाठी फिरावं आणि उंच वाटांचा बेत सोडून द्यावा. पंधरा ऑगस्टला जोडून रजा काढायचा मोहही टाळावा. त्याच दिवशी इटलीचा मोठा सण असतो आणि त्या आठवड्यात अर्धा देश डोंगरात आलेला असतो. माझी पसंती जुलैच्या पहिल्या पंधरवड्याला, कारण तेव्हा कुरणं फुलांनी भरलेली असतात. नाहीतर सप्टेंबरची सुरुवात, गणपती आड येत नसतील तर.

वाट कोणती घ्यावी? रोज एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला चालत जायचं असेल तर ‘आल्ता व्हिया १’ पहिल्या खेपेला उत्तम. ब्रायेस तळ्यापासून दक्षिणेला बेलुनोच्या बाजूला उतरणारी ही वाट सुमारे १२० किलोमीटरची आहे. लोक ती आठ ते दहा दिवसांत करतात. सुरुवातीचं तळं जेमतेम १५०० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा थोडं खालीच. सर्वांत उंच मुक्काम लागाझुओई, २७५२ मीटरवर. हिमालयात उंचीची जी धास्ती असते, ती इथे सहसा नसते. दमवते ती रोजची चढ-उतार. सगळी वाट जमणार नसेल तर मधले तीन दिवस घ्या. तेही नको असेल तर आउरोंझो या २३२० मीटरवरच्या रिफूजिओपर्यंत बसने जा आणि त्रे चिमे या तीन सुळक्यांना फेरा घाला. साधारण दहा किलोमीटरची ही वाट साठीतल्या आई-बाबांनाही झेपेल, चालायची सवय असली तर.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाने तिथे एकदा तरी थांबून कातळाला हात लावावा. आपला बेसाल्ट काळा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. हा दगड फिकट राखाडी, खरखरीत, आणि त्याच्याहून कितीतरी जुना. वीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी इथे उबदार, उथळ समुद्र होता. त्यातली प्रवाळं, शेवाळ आणि चुनखडीचा गाळ यांचे थर साचत गेले आणि पुढे भूपट्टांच्या टकरीत तो समुद्रतळ आकाशात उचलला गेला. काही शिळांवर हृदयाच्या आकाराचे शिंपले कापल्यासारखे स्पष्ट दिसतात. संध्याकाळी हाच फिका दगड केशरी, मग गुलाबी होतो. म्हणून मुक्काम उंचावर हवा. दिवसभराची गर्दी खाली उतरल्यावर हा रंग शांतपणे बघता येतो.

या दगडाचा एक त्रासही आहे. पावसाचं आणि बर्फाचं पाणी त्याच्या भेगांतून खाली मुरतं, त्यामुळे उंच पठारांवर झरे फार कमी. रिफूजिओतही पाणी जपून वापरतात. पिण्याची बाटली विकत घ्यावी लागते आणि अंघोळीला कित्येकदा वेगळे पैसे पडतात. निघतानाच प्रत्येकी दोन लिटर पाणी सॅकमध्ये हवं.

दिवसाची आखणी दुपारच्या विजांवरून करावी. सकाळ निरभ्र असते, उन्हाने तापलेल्या दऱ्यांतून वाफ वर चढते आणि दोननंतर ढग गडगडू लागतात. तोवर खिंड ओलांडून झालेली हवी. अवघड टप्प्यांवर, ज्यांना व्हिया फेराता म्हणतात, कड्याला पोलादी तारा आणि शिड्या ठोकलेल्या असतात. वीज कडाडत असताना त्या तारेला धरून उभं राहण्याइतकं धोक्याचं दुसरं काही नाही. नकाशावर वाटांपुढे अक्षरं असतात: ‘ई’ म्हणजे सरावलेल्या चालणाऱ्यासाठी, ‘ईई’ म्हणजे अनुभवी माणसासाठी, ‘ईईए’ म्हणजे हेल्मेट, हार्नेस आणि दोर असल्याशिवाय पाऊल टाकू नये अशी. वाटेवर लाल-पांढरे पट्टे आणि क्रमांक दिसतात. पाट्यांवर बहुधा किलोमीटरऐवजी वेळ लिहिलेला असतो. घसाऱ्यावर उतरायची सवय नसेल तर त्या वेळेत तिसरा हिस्सा वाढवून धरा.

जेवणाची काळजी फार नको. पोलेंता म्हणजे मक्याच्या पिठाचं घट्ट पिठलं, चीज, पास्ता, बार्लीचं सूप मिळतं. सुपात मांस आहे का, हे मात्र दर वेळी विचारा.

हा डोंगर बदलतो आहे, हेही मनात ठेवून जा. २०१८च्या ऑक्टोबरमधल्या वाया वादळाने इथली जंगलंच्या जंगलं आडवी केली. पाठोपाठ सालीखाली राहणाऱ्या भुंग्याने उभे स्प्रूस सुकवले, आजही उतारांवर तपकिरी पट्टे दिसतात. ३ जुलै २०२२ रोजी मार्मोलादा या ३३४३ मीटरच्या सर्वोच्च शिखरावरच्या हिमनदीचा तुकडा कोसळून ११ जण गेले. म्हणून वर्षभरापूर्वीच्या माहितीवर विसंबू नका. कुठली वाट बंद आहे, हे आदल्या संध्याकाळी रिफूजिओ चालवणाऱ्यालाच विचारा.

मुक्काम पक्के झाले की मग व्हिसा. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपर्यंत करता येतो आणि त्याला किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. पण त्या विम्यात डोंगरातून सोडवून आणण्याचा खर्च आहे की नाही, हे कलमन्‌कलम वाचून बघा, कारण हेलिकॉप्टर बोलवावं लागलं तर बिल येऊ शकतं. संकटात ११२ लावा. फोन लागत नसेल तर मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा टॉर्चचा इशारा, मग मिनिटभर थांबून पुन्हा तेच. वर हेलिकॉप्टर दिसलं आणि मदत हवी असेल तर दोन्ही हात उंच पसरून उभं राहा.

आणि एक विनंती. रिफूजिओतून निघताना तिथल्या वहीत नाव आणि पुढचा मुक्काम जरूर लिहा, आणि बेत बदलला तर पुढच्या रिफूजिओला फोन करून कळवा. तुम्ही न कळवता दरीतच थांबलात, तर वर तुमच्या शोधासाठी माणसं बाहेर पडू शकतात.