पुतळ्याच्या गालावरचा रंग

गेल्या श्रावणात आमचा एक माजी विद्यार्थी भालकीहून खटकचिंचोळीला येताना मोटारसायकलवरून पडला. डोक्यावर अर्धे हेल्मेट होते, म्हणून जीव वाचला. पण गालाचे हाड व जबडा मोडला. “गुरुजी, टोपी घातली होती की त्यानं! मग तोंड कसं फुटलं?” असे त्याच्या आईने विचारले, तेव्हा मी निरुत्तर झालो. पुढे वाचनात उत्तर सापडले. तेच वाचकांपुढे ठेवतो.

पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था वाहनांच्या टक्कर-चाचण्या घेते. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ योजनेत मोटार ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवितात. गणित केले तर हा आघात सुमारे १६ मीटर, म्हणजे पाच मजले, उंचीवरून पडण्याइतका भरतो. आत माणसाऐवजी पुतळा बसलेला असतो. त्याच्या डोक्यातील त्वरणमापक तीन दिशांचे धक्के नोंदवितात. चाचणीपूर्वी त्याच्या मुखाला, नवरदेवाला हळद लावावी तसा, ओला रंग फासतात. तो कोठे उमटला यावरून चेहरा कशावर आदळला ते कळते.

परंतु डोक्याचा धक्का मोजला म्हणजे मुखाचा मोजला असे होत नाही. कपाळाचे हाड दणकट. गालाचे मात्र सुमारे हजार न्यूटन, म्हणजे क्विंटलभर भाराइतक्या बलानेही मोडू शकते. नाकाचे तर त्याहून नाजूक. म्हणूनच ‘थॉर’ नावाच्या नव्या पुतळ्याच्या चेहऱ्यात पाच बलमापक बसविले आहेत: दोन डोळ्यांपाशी, दोन गालांपाशी व एक हनुवटीपाशी.

त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. अर्धे हेल्मेट कवटी राखते. गाल व हनुवटी उघडीच राहतात. तेव्हा वाचकहो, मुलांना हनुवटीपर्यंत झाकणारे हेल्मेटच घेऊन द्या, त्याचा पट्टा आवळायला लावा, आणि मोटारीत मागे बसतानाही पट्टा बांधा. चाचणीनंतर पुतळ्याला नवा चेहरा बसविता येतो. आपल्या लेकरांना ती सोय नाही.